शंभरात चाळीस

मावला, आदिलाबाद
२१ जून १९९२

प्रिय ताई,

नमस्कार.

कागदाच्या माथ्यावर नेहमीसारखं ‘ती. सौ. ताईस’ लिहून गेलो. तो कागद फाडला, दुसरा घेतला, तर हाताने पुन्हा तेच लिहिलं. हा तिसरा. ‘सौ.’च्या जागी आता काय लिहितात ते मला ठाऊक आहे, पण ते माझ्याच्याने होणार नाही. म्हणून नुसतंच ‘प्रिय’. चालवून घे.

मी बरा आहे. कॉलेज सुरू झालं. चंद्रभागाबाई सकाळी येऊन स्वयंपाक करून जातात. भाकरी नको, पोळ्याच करत जा म्हणून त्यांना सांगितलंय. दोन दिवस त्यांनी तोंड वाकडं केलं, मग करायला लागल्या. बाबांनी लावलेला कडुनिंब रस्ता रुंद करायचा म्हणून तोडला, त्यामुळे ओसरीवर दुपारभर ऊन असतं. एवढंच इकडचं.

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. मी तेरवीला आलो नाही, त्याबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. परीक्षेचं काम आहे असं मी कळवलं होतं. काम होतं, पण सुटता येणार नाही इतकं नव्हतं. भाऊजींना नेलं त्या दिवशी मी होतो, खांदाही दिला, आणि संध्याकाळच्या बसने परत निघालो. इचोड्याला बस अर्धा तास थांबली. मी उतरून धाब्यावर चहा घेतला, आणि साखर कमी आहे म्हणून त्या माणसाकडून पुन्हा घालून घेतली. बहिणीचा नवरा चाळिशी न गाठता गेला आणि हा साखर मागतो आहे. मला रडू आलं नाही, ताई. अजूनही आलेलं नाही. दाढ काढल्यावर गाल आपला वाटत नाही, तसं सगळं अंगच झालं आहे.

आता तू विचारलंस ते. लक्ष्मणराव वीस वर्षं तुमच्याकडे सालदार. जमिनीखालच्या पेवाचं तोंड उघडलं की आधी दोराने पेटता कंदील खाली सोडायचा, तो जळत राहिला तरच माणूस उतरवायचा, हे काम पहिल्यापासून त्यांचं. त्या दिवशी कंदील सोडला गेला नाही. भाऊजी ज्वारी काढायला उतरले आणि जिवंत वर आले नाहीत. मामंजींनी लक्ष्मणरावांना सालावरून काढलं, पोळ्यानंतर खळ्याजवळची झोपडी मोकळी करायला सांगितलं, आणि तेव्हापासून गावात दुसरं कुणी त्यांना कामाला बोलवत नाही. त्यांची बायको सोनाबाई रोज येऊन पायरीशी बसतात. मुलगा गेलेल्या आत्याबाईंना ते पाहवत नाही. आणि मामंजी म्हणतात, व्यंकटेश शिकलेला आहे, त्याला विचार, तो म्हणेल तसं करू.

एवढा जाणता माणूस माझ्या शब्दासाठी थांबलाय हे वाचलं आणि पत्राची घडी घालून पुस्तकात ठेवून दिली. बारा दिवस ते पुस्तक उघडलं नाही.

तू नेहमी विचारायचीस, त्या मशीनपुढे बसून मी करतो तरी काय. तुला कधी धड सांगितलं नाही. कॉलेजात एकच कॉम्प्युटर आहे, दुपारी तो मला मिळतो. हैदराबादच्या सरांकडे माझी पीएच.डी. चाललीय, ती त्यावरच. मी त्यात खोटे गोळे टाकतो. खोटे म्हणजे आकड्यांचे. प्रत्येक गोळा कुठे आहे ते सांगणारे तीन आकडे असतात. वरून एकेक सोडायचा आणि आधीच्या गोळ्यांवरून घरंगळत तो जिथे अडकेल तिथे ठेवायचा. असे आठशे झाले की ढीग तयार. तो कुणाला दिसत नाही, कुणाला हात लावता येत नाही, तरी ढीगच.

मग त्या गोळ्यांमधल्या फटी मोजायच्या. फट वेडीवाकडी असते, तिला पट्टी लावता येत नाही. म्हणून मशीन ढिगात कुठेही एक ठिपका टाकतं. गोळ्याच्या पोटात पडला तर सोडून द्यायचा. मोकळ्या जागेत पडला तर त्या ठिपक्याला पोटात घेऊन, कुठल्याही गोळ्यात न घुसता बसेल असा सगळ्यात मोठा फुगा शोधायचा. तो फुगा जेवढा, तेवढी फट. असे हजारो ठिपके. एका ढिगाला साडेचार तास लागतात आणि मध्ये वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. डब्यात बुंदीचे लाडू भरतो ना आपण, त्या लाडवांच्या मधली जागा मी मोजतो असं समज.

लक्ष्मणरावांचं विचार करून कळवतो. मामंजींना आणि आत्याबाईंना नमस्कार सांग.

तुझा
व्यंकटेश


मावला
१९ जुलै १९९२

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. ‘मी जित्या माणसाचं विचारते आणि तू मला गोळ्यांचं सांगतोस.’ खरं आहे. लहानपणी गणित चुकलं की मी पाटीच्या दुसऱ्या बाजूला चित्र काढून बाबांपुढे तीच बाजू धरायचो, तेही तू चौथ्या ओळीत लिहिलंस. तुझ्या लक्षात सगळं राहतं.

तर आधी तुझं उत्तर. लक्ष्मणरावांना ठेवून घ्या. वीस वर्षांत एकदा चूक होते माणसाच्या हातून. त्यांना घालवून भाऊजी काही परत यायचे नाहीत, आणि दोन म्हातारी माणसं या वयात इचोड्याला ट्रक भरायला गेली तर ते तुमच्या घराला शोभणार नाही. मामंजींना माझ्या नावाने सांग, व्यंकटेश म्हणतो, माफ करा.

हे लिहून पेन खाली ठेवलं. बरं वाटेल अशी कल्पना होती. काही वाटलं नाही. उठून पाणी प्यायलो आणि पुन्हा लिहायला बसलो.

इकडे कामात एक घोळ निघाला. काही फटी आख्ख्या ढिगापेक्षा मोठ्या यायला लागल्या. चार दिवस प्रोग्राम ओळीओळीने तपासला. तेव्हा कळलं की ढिगाच्या कडेला जे ठिपके पडत होते ते बाहेरची मोकळी जागाही फट म्हणून धरत होते. आत काय आणि बाहेर काय, हे मशीनला उमगत नाही, आपण सांगावं लागतं. आता मी कडेचा थर सोडून देतो आणि आतला गाभाच मोजतो. तिथल्या फटी बारीक निघतात, एका गोळ्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढ्या. सरांचं कार्ड आलं, आकडे चांगले आहेत, पुढचं प्रकरण लिहायला घ्या म्हणून. एकूण मोकळी जागा शंभरात किती भरली तेही त्यांना कळवलं. तुला ते लिहीत नाही.

परवा बारावीच्या वर्गात वायूंचा धडा होता. एका मुलीने विचारलं, सर, जड वायू खाली का साचून राहतो? मी फळ्यावर व्यवस्थित उत्तर लिहिलं, खाली रेघ मारली, मुलींनी ते उतरवून घेतलं. तास संपल्यावर हात धुतले. शेजारचे व्याख्याते म्हणाले, आज तुम्ही फार छान शिकवत होता, बाहेरपर्यंत ऐकू येत होतं.

भाकरी का सोडली म्हणून तू विचारलंस. पोटाला जड जाते हल्ली. तू भाऊबीजेचंही लिहिलंस, त्या दिवशी जेवताना आपण किती हसलो होतो म्हणून. मला त्यातलं फारसं आठवत नाही.

जपून राहा. रात्रीचं जेवण टाकू नकोस.

तुझा
व्यंकटेश


मावला
९ ऑगस्ट १९९२

ताई,

आज नमस्कार-चमत्कार राहू दे.

तुझं पत्र सोमवारी आलं. मामंजींनी माझ्या शब्दाचा मान ठेवला. पाच माणसांसमोर लक्ष्मणरावांनी ‘माझी चूक झाली’ एवढं म्हणावं, मग पोळ्याला बैल त्यांच्याच हाती देऊ आणि झोपडीचा विषय संपला, असं ठरलं. पाच माणसं जमली, चहा झाला, आणि लक्ष्मणरावांनी मान खाली घालून सांगितलं की हे मी म्हणणार नाही. का, तेही सांगितलं नाही. मामंजींना तो ताठा वाटला. आता पोळ्याला बैल दुसरा कुणीतरी धरणार आणि दुसऱ्या दिवशी झोपडी रिकामी. तू लिहिलंस, ‘एवढा गरीब माणूस अचानक एवढा हट्टी कसा झाला, मला समजत नाही.’

मला समजलं आहे. गुरुवारी लक्ष्मणराव माझ्याकडे आले होते.

पहिल्या बसने निघून, इचोड्याला बस बदलून ते दहाला कॉलेजात पोचले आणि प्रयोगशाळेच्या दाराशी उकिडवे बसून राहिले. माझे तास संपेपर्यंत त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. सोनाबाईंनी पिशवीत वेलावरची चार वाळकं दिली होती, ती आधी माझ्या हातात दिली. बसायला दुसरीकडे जागा नव्हती म्हणून मी त्यांना कॉम्प्युटरच्या खोलीत नेलं. तिथे माझा ढीग चालू होता, पडद्यावर आकडे सरकत होते. त्यांनी खुर्ची घेतली नाही. भिंतीला पाठ लावून खाली बसले आणि पडद्याकडे बघत म्हणाले, “हेच का थे मशीन?”

मी हो म्हटलं.

“मंग मले एक गोष्ट सांगा,” ते म्हणाले. “भरल्या ज्वारीत शंभरात चाळीस हिस्से हवा राह्यते म्हन्ता, थे खरं हाये का?”

मी विचारलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं. तेव्हा त्यांनी त्या दिवसाचं सगळं सांगितलं. मी ते त्यांच्याच शब्दांत लिहितो, कारण माझ्या शब्दांत लिहिलं तर मी त्यात काहीतरी मऊ करीन.

“सकाळीच तोंड उघडलं होतं. व्यापाऱ्याचा टेंपो उभा होता. मी कंदील पेटवून आनला, दोरही बांधला. मालक म्हने, राहू दे लक्ष्मन, कायले पायजे? आपल्या व्यंकटेशनं मशिनीवर मोजलं हाये, शंभरात चाळीस हिस्से हवाच हाये खाली. मी म्हनलं, मालक, पाय टाकू नका, एक डाव पाहू द्या. थे हासले. म्हने, हे जुन्या लोकाईचं भेव हाये. अन् उतरले.”

पुढचं तुला माहीत आहे. लक्ष्मणराव मागोमाग निम्मे उतरले, त्यांचीही शुद्ध गेली, लोकांनी त्यांना कमरेच्या दोराने ओढून काढलं. भाऊजींच्या कमरेला दोर नव्हता.

मी विचारलं, हे तुम्ही पाच माणसांत का सांगितलं नाही.

“बाईच्या माहेराचं नाव निघते,” ते म्हणाले. “त्याईले तुमच्याबिगर कोन हाये? माफी मांगतली तं खोटं होते. नाही मांगतली तं सारे इचारते, काऊन नाही मांगत? तुमी शिकेल मानूस. मी काय करू, थे सांगा.”

मी त्यांना सांगितलं, चाळीस हिस्से खरं आहे. त्यांनी मान डोलावली. “म्हंजे मालक खोटं नव्हते बोलून राह्यले,” ते म्हणाले, आणि त्यांना खरंच हलकं वाटलेलं दिसलं. ताई, अडीच महिने गाव त्यांच्या तोंडावर थुंकत होतं, आणि त्यांना काळजी होती ती आपला मालक खोटा तर ठरणार नाही ना, याची.

भाऊबीजेचं मला फारसं आठवत नाही असं मी तुला लिहिलं. मला सगळं आठवतं. मामंजी शेतावर होते, आत्याबाई आत निजल्या होत्या. भाऊजींनी चेष्टेने विचारलं, काय हो मेहुणे, त्या डब्यासमोर बसून करता काय दिवसभर? मी सुपातली मूठभर ज्वारी घेऊन ताटाशेजारी ओतली. म्हटलं, हे बघा, ज्वारी म्हणजे गोळेच की. तुमचं पेव तोंडापर्यंत भरलं तरी त्यात शंभरात चाळीस हिस्से हवा असते, मी मोजलंय. त्यांना ते फार आवडलं. दोन-तीनदा म्हणवून घेतलं माझ्याकडून. मग म्हणाले, एवढी हवा आहे तर आमचे म्हातारे कंदील कशाला सोडतात? आणि मी, तुझ्या हातची तिसरी भाकरी खात, म्हणालो, “जुन्या लोकांची भीती, दुसरं काय.” आपण हसलो ते यावर.

माझं गणित बरोबर होतं. जागा चाळीस हिस्से असतेच. पण ज्वारी जिवंत असते. बंद पेवात ती महिनोन्‌महिने श्वास घेते, आणि त्या जागेत जे उरतं ते माणसाला जगवत नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, मी हेच शिकवतो. माझ्या खोट्या गोळ्यांच्या मध्ये काहीच नसतं, आणि मला त्यांचीच सवय झालेली. त्या दिवशी ताटावर बसून मी मोकळ्या जागेला हवा म्हणालो, आणि समोरच्या माणसाने ते खरं धरलं, कारण तो मला मानत होता.

भाऊजींना नेलं त्या दिवशी अंगणात मी विचारलं होतं, कंदील सोडला नव्हता का? कुणीतरी म्हणालं, लक्ष्मण विसरला. ते ऐकून मला बरं वाटलं. हे मी आज पहिल्यांदा कागदावर लिहितो आहे. तिरडी बांधत होते आणि मला बरं वाटलं. मग त्याच वाक्याला धरून बसलो, आणि ज्याने काही केलंच नव्हतं त्याला माफ करा म्हणून तुला मोठेपणाने लिहिलं. मला माझी किळस आली आहे.

लक्ष्मणरावांना मी म्हटलं, तुम्ही माफी मागू नका, मी येतो आणि सांगतो. ते एकदम उठून उभे राहिले. “बाईले आंधी इचारा,” म्हणाले. त्यांना बसमध्ये बसवून दिलं तेव्हाही खिडकीतून पुन्हा तेच म्हणाले.

मी तुला विचारत नाही, ताई, कळवतो आहे. विचारलं तर तू हो म्हणशील किंवा नको म्हणशील, आणि दोन्हीचा भार तुझ्यावरच. रविवारी सोळा तारखेला मी दुपारच्या बसने येतो. मामंजींना वेगळं पत्र टाकलंय, त्यात एवढंच आहे की तीच पाच माणसं बोलवा आणि लक्ष्मणरावांना ओसरीवर बसवा, बाहेर नको. बाकी तोंडाने सांगेन. पोळ्याच्या आत हे झालं पाहिजे.

त्यानंतर मामंजी मला उंबरा ओलांडू देणार नाहीत, आणि ते बरोबरच असेल. तुझं माहेर म्हणजे मी एकटा, तेही जाईल. आत्याबाई तुला काय काय म्हणतील ते मी मनात म्हणून पाहिलं आहे. मी चार वाक्यं बोलून बसने परत येईन, तुला त्याच चुलीपुढे बसायचं आहे. त्यामुळे या कामाला धीर लागणार तो तुझा, माझा नाही. माझी बाजू घेऊ नकोस. मावल्याचं घर बाबांचं आहे, म्हणजे तुझंही. यावंसं वाटलं तर ये, आणि मी त्या घरात असू नये असं वाटलं तर तसं सांग, मी दुसरीकडे खोली बघीन.

भाऊबीजेच्या त्या दिवशी तू वाढत होतीस. मी बोललो ते तुझ्या कानावर पडलंच असेल. सगळं ठाऊक असून तू मला दोनदा विचारलंस का, हे मी तुला कधी विचारणार नाही.

अजून रडू आलेलं नाही. रविवारी भाऊजींच्या फोटोसमोर मला बसवू नकोस, आधी बोलू दे.

लक्ष्मणरावांनी अडीच महिने ज्याचं नाव कुणाला कळू दिलं नाही,
तो तुझा भाऊ
व्यंकटेश